'जेंटल रिमाइंडर' की 'काइंड रिमाइंडर'? पैसे अडकलेत तेव्हा मेलमध्ये नेमकं काय लिहायचं

समजा, तुम्ही एका कंपनीला लोगो करून दिलाय. बिल १८ हजारांचं. बिल पाठवून महिना झाला, तरी समोरून ना पैसे ना उत्तर. शेवटी तुम्ही मेल उघडता, विषयाच्या जागी 'जेंटल रिमाइंडर' टाईप करता आणि अडता. हे फारच मऊ झालं का? मग 'काइंड रिमाइंडर' लिहू? की नुसतंच 'रिमाइंडर'?

मराठीत हा प्रश्न फारसा पडत नाही. 'तेवढं बिलाचं बघा ना' म्हटलं की काम झालं. त्या 'तेवढं' आणि 'ना' मध्येच सगळा मऊपणा येतो. इंग्रजीत तो वेगळा शब्द लावून आणावा लागतो आणि गडबड तिथेच होते.

'जेंटल' म्हणजे हळुवार. पहिल्या आठवणीला तो चालतो. पण तोच शब्द तिसऱ्या मेलमध्येही आला की तो टोमणा वाटायला लागतो. त्यात आपल्याकडच्या ऑफिसांत तो इतका वापरला गेलाय की वाचणारा विषय बघूनच पुढे सरकतो.

'काइंड रिमाइंडर'ची अडचण वेगळी आहे. काइंड म्हणजे दयाळू, म्हणजे आपणच पाठवलेल्या आठवणीला आपणच दयाळू म्हणतोय. 'वुई काइंडली रिमाइंड यू' मध्येही तेच होतं. 'काइंडली' शोभतो तो समोरच्याला विनंती करताना, उदाहरणार्थ 'काइंडली कन्फर्म द डेट'. तिथेही साधं 'प्लीज' बरं, कारण इंग्रजी मातृभाषा असलेल्या अनेकांना 'काइंडली' नोटिशीसारखा कडक ऐकू येतो. 'फ्रेंडली रिमाइंडर' टीममधल्या मंडळींना ठीक, मीटिंग किंवा फॉर्मची शेवटची तारीख सांगायला. थकलेल्या पैशांसाठी नको.

आणि 'जस्ट अ रिमाइंडर'? 'जस्ट' लावला की आपलंच काम आपण किरकोळ ठरवतो. १८ हजार किरकोळ नाहीत.

उलट टोकाला जाऊनही उपयोग नसतो. ॲडोबीने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑफिसात काम करणाऱ्यांना विचारलं होतं की मेलमधलं कोणतं वाक्य सगळ्यात जास्त डोक्यात जातं. पहिला नंबर लागला 'नॉट शुअर इफ यू सॉ माय लास्ट ईमेल' या वाक्याचा. वरवर सभ्य, पण आतून 'तुम्ही बघूनही उत्तर दिलं नाहीत' असंच सांगणारं.

आता व्याकरण, कारण मराठी माणूस इथे हमखास अडखळतो. आठवणं आणि आठवण करून देणं, दोन्हीत 'आठवण' असल्यामुळे 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड'ची अदलाबदल होते. 'रिमेंबर मी टू कॉल' चूक, 'रिमाइंड मी टू कॉल' बरोबर. आपल्याला आठवतं ते रिमेंबर, दुसऱ्याला करून देतो ते रिमाइंड. आणि रिमाइंडच्या मागे माणूस लागतोच. 'आय वॉन्ट टू रिमाइंड दॅट...' हे वाक्य लंगडं आहे, 'रिमाइंड यू दॅट' हवं. त्यापुढे 'अबाउट' की 'ऑफ'? कामाची आठवण द्यायची तर 'रिमाइंड यू अबाउट द पेमेंट'. एखादी गोष्ट बघून दुसरं काही आठवलं तर 'ऑफ': धिस साँग रिमाइंड्स मी ऑफ कॉलेज.

मग मेल कसा लिहायचा? विशेषणं काढून टाका आणि आकडे घाला. विषयात बिलाचा नंबर आणि देय तारीख. आत एवढंच: 'इनव्हॉइस १२ फॉर रुपीज १८,००० वॉज ड्यू ऑन ५ जून. प्लीज लेट मी नो द पेमेंट डेट.' यात राग नाही, लाचारीही नाही. शिवाय प्रश्न असा आहे की उत्तरात तारीखच द्यावी लागते. दुसऱ्या मेलला विषयात 'सेकंड रिमाइंडर' लिहा. सरकारी कार्यालयं वर्षानुवर्षं 'स्मरणपत्र क्र. २' लिहितात ते उगाच नाही. क्रमांक पडला की नोंद तयार होते.

ही नोंद पुढे कामाला येते. काम घेण्याआधीच तुमची उद्यम नोंदणी झालेली असेल आणि व्यवसाय सूक्ष्म किंवा लघु गटात बसत असेल, तर २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही दरमहा.

'फायनल रिमाइंडर' हा शब्द त्यासाठी राखून ठेवा आणि एकदाच वापरा. त्यात शेवटची तारीख द्या आणि व्याजाचा उल्लेख करा. ती तारीखही उलटली तर चौथं रिमाइंडर लिहीत बसायचं नाही, थेट एमएसएमईच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करायचा. सोबत आधीचे सगळे मेल जोडायचे.