हौसेचा हेडफोन घेताना

वर्षानुवर्षे मनात घोळणारी वस्तू घ्यायचा दिवस उजाडला, की माणसाचा हात आखडतो. गाठीला पैसे असतात, पण मन म्हणते, खताची उधारी आहे, मुलांची फी आहे, आणि आपण दहा-वीस हजारांचा हेडफोन घ्यायचा? वाचकहो, हौसेला मोल नाही हे खरे, पण तिला हिशेब असावा. आधी देणी भागवावीत, पुढच्या पेरणीचे पैसे बाजूला काढावेत. त्यातून उरलेल्या रकमेत हौस करावी आणि मग मनाला बोल लावू नये. मात्र हप्त्यावर हौस करू नका.

हेडफोन ही काही आजची चीज नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि ते अमेरिकी नौदलाने घेतले. गाणे ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ साली आणला. तेव्हापासून मूळ युक्ती तीच आहे: विजेच्या लहरींनी कानाशी एक पातळ पडदा थरथरतो. महागड्या हेडफोनमध्ये हा पडदा, त्याची बैठक आणि कानावरची गादी नीट जुळवलेली असते. म्हणून पंडित भीमसेन जोशींच्या अभंगात टाळ वेगळे, पखवाज वेगळा आणि आवाज वेगळा ऐकू येतो.

घेताना पहिला प्रश्न, ऐकणार कुठे? उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये आवाज मोकळा वाटतो, पण तो बाहेरही जातो. शेजारी निजलेल्याची झोपमोड होईल. माणसांनी भरलेल्या घरात बंद पाठीचा बरा.

दुसरा प्रश्न, जोडणार कशाला? सेनहायझर या जर्मन कंपनीचा १९९७ सालचा एचडी ६०० हा नावाजलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे. साध्या मोबाइलवर असा हेडफोन हळू वाजतो. त्याला छोटा ॲम्प्लिफायर लागतो, म्हणजे खर्च वाढतो. शिवाय पुष्कळ नव्या मोबाइलला वायरीचे भोकच नसते. मात्र अशा हेडफोनची वायर आणि गादी बदलता येते. बिनवायरी हेडफोन सोयीचा खरा, पण त्याची बॅटरी काही वर्षांनी थकते. ती बदलून मिळते का, हे आधीच विचारावे.

बाहेरचा गोंगाट कमी करणाऱ्या हेडफोनमध्ये बारीक माइक असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलटी लहर सोडून त्याला मारतो. पंख्याची किंवा इंजिनाची एकसुरी घरघर त्याने चांगली कमी होते, माणसांचे बोलणे तितके कमी होत नाही.

दुकानात आपल्या ओळखीचे गाणे लावून पंधरा मिनिटे तरी हेडफोन घालून पाहा. डोके आवळते का, कान तापतो का, चष्म्याची दांडी रुतते का, हे पाहावे. पक्के बिल आणि वॉरंटी घेतल्यावाचून उठू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. हेडफोन बिघडला तर दुसरा येईल, कान येणार नाही. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. तोच ९० डेसिबल झाला, तर मुदत ४ तासांवर येते. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. दिवसभर ट्रॅक्टर चालवून आलेल्या कानाला आधी विसावा द्या. ऐकल्यावर कानात शिट्टी वाजली, तर आवाज जास्त होता असे समजा. शिट्टी थांबली नाही, तर डॉक्टरांना कान दाखवा.

ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर किंवा रस्त्याने चालताना हेडफोन घालू नका. मागचा हॉर्न ऐकू आला नाही, तर हौस जिवावर बेतते. मळणी यंत्रापाशीही नको. तिथे सोबत्याची हाक ऐकू आलीच पाहिजे.

आणि घरातही वेळ ठरवून घ्या. जेवणे आटोपली, गुरांची वैरण झाली, की अर्धा-पाऊण तास आपला. मग तोच हेडफोन आजीच्या कानाला लावून तिच्या आवडीचे भजन ऐकवा. टाळाचा नाद तिला स्पष्ट ऐकू आला, की पैसे वसूल झाले म्हणायचे.