एक लार्ज, एक स्मॉल आणि ताडीचं घड्याळ

केळवे-माहीमकडच्या माणसाला ताडी कधी प्यायची हे शिकवावं लागत नाही. पहाटे झाडावरून उतरवलेलं मडकं गोड असतं. ऊन चढू लागलं की रस फसफसतो, दुपार टळली की आंबटाकडे झुकतो आणि फार ठेवला तर त्याचा शिरकाच होतो. रस मडक्यात ठिबकू लागतो तेव्हाच यीस्ट कामाला लागलेलं असतं. म्हणून नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावायचा आणि उन्हं यायच्या आत ते खाली उतरवायचं. पेयाला वेळ असते, हे या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

बोईसरच्या फ्लॅटमधल्या शोकेसपाशी मात्र हे शहाणपण विसरलं जातं. ड्यूटी-फ्रीतून आलेली स्कॉच आणि तिच्यासोबत हौसेने घेतलेली वर्मुथची बाटली एकदा उघडून वर्षभर शेजारी शेजारी उभ्या असतात. दिवाळीला मित्र जमतात, मोबाइलवर बघून कॉकटेल बनतं आणि पहिल्या घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. ‘स्कॉच डुप्लिकेट दिसते,’ असा निकाल लागतो. बहुतेक वेळा बिचारी स्कॉच निर्दोष असते.

हे कॉकटेल म्हणजे रॉब रॉय. स्कॉच, गोड लाल वर्मुथ आणि बिटर्स या कडू अर्काचे दोन शिंतोडे, बस्स. मॅनहॅटन या कॉकटेलमध्ये अमेरिकन राय व्हिस्की असते. तिच्या जागी स्कॉच आली की रॉब रॉय झालं. त्याचा जन्म १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात झाला, असं सांगतात. त्याच वर्षी रेजिनाल्ड डी कोव्हन यांची ‘रॉब रॉय’ ही संगीतिका न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आली होती. संगीतिकेचा नायक म्हणजे स्कॉटलंडचा बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर. नाटकाचं नाव पेल्याला मिळालं आणि नाटकापेक्षा पेलाच जास्त टिकला.

आता यातली अनोळखी पाहुणी, वर्मुथ. ही मुळात वाइन. तिच्यात थोडं स्पिरिट घालून जोर वाढवतात आणि मुळं, साली, फुलं, मसाले मुरवतात. थोडक्यात, वाइनमध्ये केलेला काढा. लाल वर्मुथची आजची ओळख घडली ती इटलीतल्या तुरिन शहरात; १७८६ मध्ये तिथल्या आंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो यांनी ती विकायला काढली, असं मानतात. वर्मुथ हे नाव आलं ‘वेर्मुट’ या जर्मन शब्दावरून. ती एक कडू वनस्पती, आर्टेमिसिया कुळातली. आपला दवणा याच कुळातला. चैत्रात देवाला वाहिलेल्या दवण्याचा तो उग्र-गोड वास आठवा, म्हणजे वर्मुथचा गंध कसा असेल याचा अंदाज येईल.

स्कॉचमध्ये किमान ४० टक्के अल्कोहोल असतं. झाकण घट्ट असेल तर ती उघडल्यावरही महिनोन् महिने टिकते. वर्मुथमध्ये ते साधारण १५ ते १८ टक्के. ती ताडीसारखी एका दिवसात आंबत नाही, कारण एवढ्या अल्कोहोलात जंतूंचं फारसं चालत नाही. तिचा शत्रू हवा. बूच निघालं की प्राणवायू आत शिरतो, वनस्पतींचा सुवास उडू लागतो आणि मागे शिळी, सपाट गोडी उरते. आपल्या दमट उकाड्यात हे आणखी लवकर घडतं. म्हणून उघडलेली बाटली थेट फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. लहान बाटली मिळाली तर तीच घ्यावी.

मापासाठी काही शिकायला नको; आपल्या बारची भाषा पुरते. एक लार्ज स्कॉच, म्हणजे ६० मिली. एक स्मॉल वर्मुथ, म्हणजे ३० मिली. अँगोस्टुरा बिटर्सचे दोन शिंतोडे. पेगचं माप नसेल तर १५ मिलीचा मोजचमचा चालेल: चार आणि दोन. अंदाजपंचे ओतू नका. तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही ऑपरेटरला विचारा, प्रमाण चुकलं तर बॅच जाते.

स्कॉच साधी ब्लेंडेड घ्यावी. धुराच्या वासाची आयला बेटावरची महागडी सिंगल माल्ट इथे वर्मुथला बोलूच देत नाही. अस्सल स्कॉच ती, जी स्कॉटलंडमध्येच बनते आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरते. भारतीय सिंगल माल्ट वापरलीत तर पेय उत्तम होईल, फक्त त्याला वेगळं नाव शोधा.

कृती सोपी आहे. ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवावा. स्टीलच्या जगमध्ये भरपूर बर्फ घ्यावा, त्यावर तिन्ही जिन्नस ओतावेत आणि लांब दांड्याच्या चमच्याने अर्धा मिनिट शांतपणे ढवळावं. शेकरमध्ये खळखळवू नये, त्याने हवा मिसळते आणि पेय गढूळ होतं. ढवळताना बर्फ वितळून अंदाजे २५ मिली पाणी उतरतं. हे पाणी चौथा जिन्नसच समजा. त्यानेच धार बोथट होते आणि वास खुलतो. बर्फ फ्रीझरमधून काढल्या काढल्या वापरावा, ओला झालेला पाणचट करतो. बर्फ पिण्याच्या पाण्याचा हवा हे वेगळं सांगायला नको. मासळीसाठीची लादी वेगळी. मग चहाच्या गाळणीने थंड ग्लासात गाळावं. वर चेरी घालायची रीत आहे, पण डब्यातली लालभडक चेरी निव्वळ पाक. त्यापेक्षा संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासावर पिळावा, म्हणजे तिचं तेल वर तरंगतं.

हे दिसतं एवढंसं, पण साधं नाही. हिशेब केला तर या एका ग्लासात जवळपास ७० मिली व्हिस्कीइतकं अल्कोहोल भरतं, म्हणजे एका लार्जहून जास्तच. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा. ती एका ग्लासातही ओलांडली जाऊ शकते. तेव्हा ज्याला चिल्हार फाट्यावरून हायवेला लागायचंय, त्याला कोकम सरबत द्या.

कायद्याचीही थोडी उजळणी. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. प्यायला परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. वर्मुथ बोईसर-पालघरच्या दुकानात चटकन मिळाली नाही तर मुंबईतून मागवा. दमण जवळ आहे आणि स्वस्तही, पण तिथली बाटली गाडीत घालून आणायचा मोह आवरा. वाटेत दारूबंदीचं गुजरात आहे आणि महाराष्ट्राचा कर न भरलेली दारू इकडे आणणं हाही गुन्हाच.

राहिलं एकच काम. वर्मुथचं बूच ज्या दिवशी निघेल, त्या दिवशीची तारीख पट्टीवर लिहून बाटलीला चिकटवा. लोणच्याच्या बरणीला आजी लावायची, तशी. पुढच्या दिवाळीला फ्रिजच्या कोपऱ्यात ती बाटली सापडली आणि पट्टीवर मागच्या दिवाळीची तारीख दिसली, तर ती रॉब रॉयसाठी काढू नका. सकाळचं मडकं संध्याकाळी पाहुण्यापुढे ठेवायचं नसतं, हे केळव्याचा ताडीवालाही सांगेल.