कोणते कसब घ्यावे?

महाभारताच्या वनपर्वात नल-दमयंतीची कथा आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक हे नाव घेऊन ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे निघतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. त्याची पाने आणि फळे किती, हे ऋतुपर्ण पाहता पाहता सांगतो. नलाला ते पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. संख्या जुळते! मग दोघांत देवघेव ठरते : ऋतुपर्णाने फाशांची विद्या, म्हणजे अक्षहृदय, द्यायचे आणि नलाने घोड्यांची विद्या, म्हणजे अश्वहृदय, द्यायचे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलांत बेहडा आढळतो. वेदकाळात याच झाडाची फळे फासे म्हणून वापरत. पण आम्हाला ही कथा आठवली ती वेगळ्या कारणाने. दोन विद्यांपैकी मोलाची कोणती? द्यूतात सर्वस्व गमावलेल्या नलाला अक्षहृदय हवे होते. ज्याला फासे टाकायचेच नाहीत, त्याला त्याचा काय उपयोग? कसबाचे मोल कसबात नसते. ते कोणाला, कोठे आणि कशाच्या बदल्यात मिळते यावर ठरते. हे मोल आकड्यांत मांडता येईल का?

यासाठी एक खेळ हाताशी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडू एका वीराची भूमिका घेतो, एकजण गोष्ट पुढे नेतो, आणि वीराचा प्रयत्न साधला की फसला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत एक ऐच्छिक नियम होता. वीर ठरावीक पायरीवर पोचला की त्याचे बळ दोन गुणांनी वाढते. हवे तर ही वाढ सोडून त्याऐवजी एक खास कसब घेता येते. यांतले एक कसब अवजड शस्त्राचे. ते घेतलेल्या वीराला प्रत्येक घावाआधी ठरवता येते, की नेम ५ ने कमी करायचा आणि लागलाच तर मार १० ने वाढवायचा.

नववीच्या मुलांसमोर आम्ही हा प्रश्न ठेवला. वीस बाजूंचा फासा आमच्याकडे कोठला! हाउजीच्या संचातले १ ते २० आकडे पिशवीत घातले. एक काढायचा, पाहायचा, परत टाकायचा. वर्गात लगेच दोन तट पडले. एक तट म्हणे, “दहाचा मार म्हणजे दहाचा मार!” दुसरा म्हणे, “पण लागला पाहिजे ना!”

हिशोब करू या. समजा, काढलेल्या आकड्यात वीर ५ मिळवतो आणि ही बेरीज शत्रूच्या चिलखताच्या अंकाइतकी किंवा जास्त झाली की घाव लागतो. मार म्हणजे साध्या दोन फाशांची बेरीज अधिक ३. दोन फाशांची सरासरी ७, म्हणून सरासरी मार १०. (मूळ खेळातले काही बारकावे आम्ही बाजूला ठेवले आहेत.)

चिलखत १३ असेल तर ८ किंवा त्याहून मोठा आकडा हवा. असे आकडे १३. म्हणजे १०० पैकी ६५ घाव लागतील आणि एका घावामागे सरासरी ०.६५ × १० = ६.५ मार बसेल. कसब वापरले तर १३ किंवा मोठा आकडा हवा. असे आकडे ८. पण मार २०. ०.४० × २० = ८. कसबवाला तट जिंकला!

आता चिलखत १८ घेऊ. साधा घाव ०.४० × १० = ४. कसबाचा घाव ०.१५ × २० = ३. आता दुसरा तट जिंकला. मग सीमा कोठे? चिलखत १६ ला दोन्हीकडे ५ येतात. आमच्या या वीरापुरता नियम असा : साधा घाव निम्म्याहून अधिक वेळा लागत असेल तरच कसब वापरावे.

येथे बरेचजण थांबतात. पण खरी तुलना अजून झालीच नाही. कसब फुकट मिळालेले नाही. त्यासाठी बळातली वाढ सोडली आहे. ती घेतली असती तर नेम १ ने आणि मारही १ ने वाढला असता. तोही हिशोब शेजारी मांडू :

चिलखत १० : साधा घाव ८, कसब ११, वाढलेले बळ ९.३५
चिलखत १३ : साधा घाव ६.५, कसब ८, वाढलेले बळ ७.७
चिलखत १६ : साधा घाव ५, कसब ५, वाढलेले बळ ६.०५
चिलखत १८ : साधा घाव ४, कसब ३, वाढलेले बळ ४.९५

चिलखत १३ ला कसबाचा फायदा दीड वाटत होता. तो प्रत्यक्षात ०.३ आहे. चिलखत १८ ला कसब न वापरण्याची मुभा आहे, पण सोडलेले बळ काही परत येत नाही. कोणतीही निवड तपासताना ‘काय मिळाले’ याच्या शेजारी ‘काय सोडले’ हा रकाना हवाच.

एवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, शत्रूत पाचच प्राण उरले असतील तर?” प्रश्न अचूक होता. साध्या घावाचा मार कमीत कमी २ + ३ = ५ असतोच. शत्रू कोणत्याही घावाने पडणार; वरचा सगळा मार वाया. मग ६५ टक्क्यांची खात्री सोडून ४० टक्क्यांवर का जायचे? सरासरी ८ असली तरी येथे ती फसवी ठरते.

त्या मुलीच्या घरी कपाशी आहे. आमच्या भागात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ पेरतात. कपाशी उत्तम येणाऱ्या वर्षी ती जागा कपाशीला दिली असती तर, असे वाटू शकते. पण एका पिकाला मार बसला तर दुसरे हाताशी राहावे, हा त्यामागचा विचार. दहा वर्षांची सरासरी कितीही चांगली असो, एका वाईट वर्षाने घर मोडणार असेल तर केवळ सरासरीवर निर्णय घेता येत नाही. खेळात वीर पडला तर नवा वीर घेता येतो, शेतात तसे नाही. हा फरक मुलांनी आम्हाला सांगितला. आम्ही त्यांना नाही.

शेवटी प्रयोगाविषयी. एका मुलाने चिलखत १३ साठी २० आकडे काढले तर १३ घाव लागणे अपेक्षित. पण ११ किंवा १५ लागले तरी नवल नाही. एवढ्यावरून ६५ आणि ७० टक्के यांतला फरक कळणार नाही. तीस मुलांनी वीस वीस आकडे काढून ६०० ची नोंद एकत्र केली, तर ३९० च्या आसपास घाव अपेक्षित. ७० टक्के असते तर ४२०. हा फरक सहसा दिसून येतो. एकट्याचा अनुभव आणि सगळ्यांची नोंद यांतले अंतर मुलांना येथे हाताने उमगते.

वर्गासाठी एक प्रश्न सोडतो. एक कसब म्हणते, “आकड्यात ३ मिळवा.” दुसरे म्हणते, “दोनदा काढा आणि मोठा आकडा घ्या.” दुसऱ्याने सरासरी आकडा १०.५ वरून १३.८२५ होतो, म्हणजे वाढ ३ पेक्षा जास्त. मग दुसरेच नेहमी चांगले का? ११ किंवा मोठा आकडा हवा असताना तपासा. मग १९ किंवा मोठा हवा असताना तपासा. उत्तर ऐकून मान डोलवू नका. नलाने ऋतुपर्णाचे ऐकले, पण मोजल्यावरच मानले.