नांदेड–हैदराबाद : विमानाने खरोखर किती वेळ वाचतो?

नांदेड जिल्ह्यातील आमचे अनेक दुकानदार बंधू माल भरण्यासाठी हैदराबादला जातात. कापडासाठी पत्थरगट्टी, बांगड्यांसाठी लाड बाजार, घाऊक किराण्यासाठी बेगम बाजार ही त्यांची ठरलेली ठिकाणे. ‘विमानाने गेलो तर तासाभरात पोहोचू’ असे त्यांच्याकडून नेहमी ऐकू येते. या हिशेबात किती तथ्य आहे, ते आम्ही येथे मांडत आहोत.

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली विमाने सुटली. त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्गही होता. सुमारे तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांसाठी २,५०० रुपये ही भाड्याची कमाल मर्यादा तेव्हा ठरविण्यात आली.

अंतर कमी, वेळ जास्त

दोन्ही विमानतळांतील सरळ अंतर सुमारे २४५ किलोमीटर आहे. देगलूरमार्गे रस्ता पावणेतीनशेच्या आसपास जातो. म्हणजे हवाई मार्गाने अंतर फारसे वाचत नाही. या मार्गावर प्रथम एटीआर-७२ हे पंख्याचे विमान आले. ते ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने अर्धा तास पुरावा, पण वेळापत्रकात तासाभराचा वेळ धरावा लागतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करून खाली येणे आणि उतरण्याच्या परवानगीची वाट पाहणे, यांत बाकीचा वेळ जातो. मार्ग लहान असो की मोठा, हा वेळ लागतोच.

दुसरी गोष्ट अशी की, २००८ साली हैदराबादचा विमानतळ शहरातील बेगमपेठहून शमशाबादला गेला. शमशाबाद शहराच्या दक्षिणेला आहे आणि नांदेड उत्तरेला. म्हणजे विमानाने शहर मागे टाकून पुढे उतरायचे आणि चारमिनारसाठी सुमारे २० किलोमीटर परत यायचे.

आता बेरीज करू. घर ते विमानतळ अर्धा तास. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, म्हणून सव्वा तास आधी पोहोचणे. उड्डाण एक तास. सामान घेऊन बाहेर पडणे अर्धा तास. टॅक्सीने बाजार गाठणे पाऊण ते एक तास. एकूण चार तास. रेल्वेने किंवा मोटारीने पाच-सहा तास लागतात. फायदा एक-दोन तासांचा. रात्रीच्या गाडीने निघाल्यास दिवसाचा धंदाही बुडत नाही.

लांबचा मार्ग फायद्याचा

शाली व गरम कपड्यांसाठी अमृतसरला जाणाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा. नांदेड–अमृतसर सरळ अंतर सुमारे १,४०० किलोमीटर, म्हणजे हैदराबादच्या जवळजवळ सहापट. पण जेट विमानाला त्यासाठी सुमारे अडीच तासच लागतात. सचखंड एक्सप्रेसला दीड दिवसाच्या आसपास लागतो. येथे विमानाने पूर्ण दिवस हाती राहतो.

सामानाचेही पाहावे. बहुतेक देशी विमानांत १५ किलोपर्यंतच सामान मोफत नेता येते. कारागीर बंधूंना नमुने नेण्यास ते पुरते, पण खरेदीचा माल ट्रान्सपोर्टनेच येणार. शिवाय लहान मार्गांवरील विमाने कायम राहतील असे नाही. येथे पहिली सेवा देणाऱ्या ट्रूजेट कंपनीची विमाने २०२२ साली बंद पडली. म्हणून विमान चालू आहे का, याची आधी चौकशी करावी, वरील बेरीज स्वतःच्या गावापासून मांडावी आणि मगच तिकीट काढावे, एवढेच आमचे सांगणे आहे.