मुंबई किती मिलिसेकंदांवर?

पुण्यात कोथरूडला राहत होते तेव्हा मुंबई माझ्यापासून सात मिलिसेकंदांवर होती. द्रुतगती मार्गावर कितीही कोंडी असो, खेळाच्या पडद्यावरचा तो आकडा सातावरून फार तर आठावर जायचा. मग नागपूरला बदली झाली. घरच्यांना काळजी उन्हाळ्याची, मला त्या आकड्याची.

मी व्हॅलोरंट खेळते. पाचजणांचा संघ, त्यातले चौघे अजून पुण्यात, आणि रात्री जेवणं आटोपली की सगळ्यांनी जमायचं हा जुना नेम. चाळिशीतली बाई कानांवर हेडफोन चढवून ‘बी साइटवर दोघं आलेत’ असं का ओरडते, हे नव्या घरमालकांना समजावणं हा वेगळाच विषय. या खेळाचा मुंबईतला सर्व्हर २०२० साली आला. त्याआधी इथले खेळाडू सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळत आणि साठ-सत्तरचा पिंग मिळाला तरी खूश असत. आपली हालचाल सर्व्हरपर्यंत जाऊन तिचं उत्तर परत यायला जो वेळ लागतो, तो पिंग.

या वेळेला एक तळ आहे आणि तो कुठल्याच कंपनीच्या हातात नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाणं-येणं धरलं तर दर शंभर किलोमीटरला एक मिलिसेकंद. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर-मुंबई हवाई अंतरही त्याच्याच आसपास. म्हणजे सात मिलिसेकंद तर प्रकाशालाच हवेत. त्यात तंतू काही सरळ रेषेत जात नाहीत. ते रेल्वेच्या रुळांलगत, महामार्गांच्या कडेने, उच्चदाबाच्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या तारेच्या पोटातून वळसे घेत जातात, वाटेत राउटर लागतात. नागपूरहून मुंबईला वीस-बावीसचा पिंग मिळाला तर तक्रारीला जागा नाही, एवढा हिशेब सामान बांधतानाच करून ठेवला होता. वीसचे पंचेचाळीस कोण करतं आणि का, हे मात्र तिथे गेल्यावरच कळणार होतं.

मनीषनगरला भाड्याने घर घेतलं. सामान उतरत होतं तेव्हाच फाटकावर एका कंपनीचा विक्रेता हजर. तीनशे एमबीपीएस, सोबत बारा-चौदा ओटीटी, सहा महिन्यांचे एकदम भरले तर एक महिना फुकट. मी विचारलं, मुंबईला पिंग किती येतो? तो म्हणाला, ‘मॅडम, स्पीड फुल येते नं.’ जाहिरातीतही हेच आणि दुकानातही हेच. खरं तर असा खेळ खेळायला एक एमबीपीएसही पुरतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी, कोण कुठे आहे याचा हिशेब करतो. पण त्या हिशेबाची पाकिटं एवढीएवढीशी असतात. तीनशेचा वेग कामाला येतो तो शंभर जीबीचा एखादा नवा खेळ उतरवून घेताना. ते काम रात्रभर चाललं तरी माझं काही अडत नाही.

मला हवा असतो तो न हलणारा आकडा. रोज दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या बसची सवय होते. कधी वेळेवर तर कधी अर्धा तास उशिरा येणाऱ्या बसची होत नाही. पिंग कायम पंचवीस असेल तर हात त्याला सरावतो. तोच बारा ते साठ असा नाचत असेल तर सरासरी कितीही देखणी निघो, नेम चुकतोच. या नाचाला जिटर म्हणतात. आणि शंभरातली दोन-तीन पाकिटं वाटेत हरवायला लागली की समोरचा माणूस भिंतीच्या एका टोकाला दिसतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या टोकाला. कोपऱ्यावरून बाहेर पडणाऱ्याला दबा धरून बसलेला आधी दिसतो, हा या खेळांचा जुना गुण आहे. दोघांतला वेळ जितका जास्त, तितकं दबा धरणाऱ्याचं नुकसान. मी दबा धरून खेळणारी आहे.

त्यामुळे आधी गल्ली पाहिली. आपल्याकडे कुठल्या भागात कोणाचं नेट आहे ते खांबावर वाचता येतं. विजेच्या खांबांवरून, कडुलिंबाच्या फांद्यांतून काळ्या तारांचे झुबके गेलेले असतात, मध्येच गुंडाळून टांगलेली वेटोळी, आणि एखाद्या खांबावर ऑपरेटरच्या नावाचा डबा. डब्यात नुसता स्प्लिटर असेल तर त्याला वीज लागत नाही. एका तंतूतला प्रकाश आठ घरांत वाटला जातो, बस. पण काही जुन्या जाळ्यांत इमारतीच्या गच्चीवर विजेवर चालणारा स्विच असतो आणि त्याची वायर कुणाच्या तरी घरातून घेतलेली असते. त्या घराची लाइट गेली की गल्लीचं नेट गेलं. म्हणून शेजाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारायचे: लाइट गेल्यावर तुमचं नेट राहतं का? इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो पण नेट नाही, असं ज्यांनी सांगितलं त्यांचा ऑपरेटर माझ्या यादीतून बाद.

तळमजल्यावर बारावीतला एक मुलगा निघाला. मोबाइलवर बीजीएमआय खेळणारा. त्याच्याकडून मिळालं तेवढं ज्ञान कुठल्या कस्टमर केअरने दिलं नाही. ‘ताई, दिवसभर मस्त चालते. रात्री नऊ वाजले की काय होते काय माहीत, माणूस समोर दिसते अन् आपणच मरून जातो.’ नऊ ते अकरा हीच माझी वेळ. गल्लीतली सगळी घरं तेव्हाच क्रिकेट आणि मालिका बघत असतात, आणि ऑपरेटरने वरून घेतलेली वाट तेव्हाच तुंबते. दुपारी येऊन स्पीड टेस्ट दाखवणाऱ्या विक्रेत्याची वेळ सोयीने निवडलेली असते, असं माझं मत झालं आहे.

मी लॅपटॉप घेऊन रात्री त्या मुलाच्या घरी बसले, दुसऱ्या दिवशी घरमालकांकडे. दोघांचे पुरवठादार वेगळे. मुंबईतल्या एका सर्व्हरला पिंग लावून ठेवायचा आणि जोडीला ट्रेसरूट. ट्रेसरूटची युक्ती छान आहे. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि दर राउटरवर तो एकाने कमी होतो. शून्य झाला की तो राउटर पाकीट टाकून देतो आणि तसं परत कळवतो. मग आकडा एक, दोन, तीन असा वाढवत पाकिटं सोडली की वाटेतला एकेक राउटर आपण होऊन नाव सांगतो. नावांत बहुधा विमानतळांची लघुरूपं असतात. मुलाच्या घरच्या यादीत पाचव्या ओळीला ‘डीईएल’ आलं. घरापासून काही किलोमीटरवर झीरो माइलचा दगड, देशाचा मध्य म्हणून दाखवतात तो. आणि इथून मुंबईला निघालेलं पाकीट आधी दिल्लीला! नागपूर-दिल्ली-मुंबई मिळून दोन हजार किलोमीटर होतात. प्रकाशालाच वीस मिलिसेकंद, प्रत्यक्षात अठ्ठेचाळीस. यात बिघाड काहीच नव्हता. त्या पुरवठादाराचं मोठं केंद्र दिल्लीत, त्यामुळे त्याची वाट तिकडून. देशातल्या देशातली वाहतूक परदेशात वळसा घालून येऊ नये म्हणून २००३ साली निक्सी ही संस्था उभी राहिली, पण देशातल्या देशात किती वळसा घ्यायचा हे ज्याच्या त्याच्या करारांवर ठरतं.

या यादीतल्या मधल्याच एखाद्या ओळीत तारका दिसल्या किंवा आकडा फुगला म्हणून घाबरू नये. बरेच राउटर अशा चौकशांना सवडीने उत्तर देतात. शेवटची ओळ ठीक असेल तर सगळं ठीक.

घरमालकांकडे वाट सरळ होती: नागपूर, मग थेट मुंबई, एकोणीस. मी हरखले. तेवढ्यात काकांच्या मोबाइलमधले लग्नाचे फोटो ढगात चढायला लागले आणि एकोणीसचे एकशेसाठ झाले. हा रोग घरातल्याच राउटरचा. चढणीची वाट भरली की तो पाकिटं टाकून न देता रांगेत धरून ठेवतो, आणि माझी चिमुकली गोळी काकांच्या वरातीमागे उभी राहते. बफरब्लोट म्हणतात त्याला. औषध आहे: रांगेची शिस्त सांभाळणारा राउटर घ्यायचा आणि त्यात आपल्या वेगाची मर्यादा खऱ्या वेगाच्या दहा-पंधरा टक्के खाली लावायची, म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते. राउटर बदलता येतो, दिल्लीचा वळसा बदलता येत नाही. ही वर्गवारी झाल्यावर निवड बरीच सोपी झाली.

हवेतून येणारं फाइव्ह-जी नेटही पाहिलं. २०२३ पासून जिओ आणि एअरटेल दोघांचंही मिळतं, गच्चीवर डबा लावला की झालं, खोदाई नाही. सिनेमा बघायला झकास. पण टॉवर सगळ्यांचा, आणि पिंग दर काही क्षणांनी उडी मारत होता. सोडून दिलं.

आणखी एक भानगड सीजीनॅटची. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४चे पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटी. ते केव्हाच अपुरे पडले, म्हणून पुरवठादार शेकडो गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. आपल्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर आपणही त्या घोळक्यात. व्हॅलोरंटला याने फरक पडत नाही, तिथे सगळे कंपनीच्याच सर्व्हरवर जातात. पण प्लेस्टेशनवर मित्रांशी थेट जोडणाऱ्या खेळांत किंवा घरच्या संगणकावर भाच्यांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवताना दार बंद लागतं. स्थिर आयपी वेगळे पैसे भरून मिळतो. मी घेतला नाही. भाचे पुण्यात आहेत आणि त्यांच्या आईचा याला पाठिंबाच आहे.

शेवटी गल्लीतलाच ऑपरेटर ठरला, घरमालकांचाच. फोनवर त्याला विचारलं, तुमचा अपलिंक कुठे जातो? पलीकडे क्षणभर शांतता. मग हसून, ‘घरात गेमर आहे का कोणी, मॅडम?’ मी म्हटलं, मीच. त्यानंतर तो मोकळेपणाने बोलला. मुंबईचा लिंक थेट आहे, जेसीबीने कुठे तोडला तर हैदराबादवरून फिरतो, तेव्हा तीस-पस्तीस येतील, बोंबलायचं नाही. लपवाछपवी न करता एवढं सांगणारा माणूस मिळाला, तिथेच माझा निर्णय झाला. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, वर अठरा टक्के जीएसटी, आणि पैसे महिन्याचेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पोरं आली, एक शिडी आणि एक पिवळी पेटी घेऊन. एकजण खांबावर चढला आणि ड्रॉप केबल आमच्या तिसऱ्या मजल्यावर फेकली. दुसऱ्याने हॉलच्या फरशीवर पेटी उघडली आणि मला म्हणाला, ‘ताई, पंखा बंद करा जी.’ नागपूरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद. पण त्याचं बरोबर होतं. केबलचं काळं आवरण सोलल्यावर आतून जो तंतू निघतो, त्याचं रंगीत अस्तर काढलं की उरते ती सव्वाशे मायक्रॉन जाडीची उघडी काच, आणि प्रकाश जातो तो त्यातल्या मधल्या नऊ मायक्रॉनमधून. धुळीचा एक कण पुरे. त्याने अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कागदाने काच पुसली. पुसताना ती बारीक किंचाळते. मग क्लीव्हरमध्ये ठेवून खटकन टोक तोडलं. कापलं नव्हे, ओरखडा देऊन काटकोनात मोडलं. उडालेला तुकडा बोटाने न उचलता चिकटपट्टीवर घेतला. ‘पायात गेला तर सापडत नाही,’ म्हणाला.

स्प्लायसरमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर आली. छोट्या पडद्यावर ती खांबांएवढी मोठी दिसत होती. यंत्राने त्यांना आपणच वरखाली सरकवून जुळवलं, एक ठिणगी चमकली आणि मधली फट नाहीशी झाली. पडद्यावर अंदाजे नुकसान ०.०१ डेसिबल. सांध्यावर नळी सरकवून ती भट्टीत आवळली. गल्लोगल्ली हा सांधा न जोडता नुसता फास्ट कनेक्टर दाबून बसवतात, पाच मिनिटांत काम होतं, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर फोन सुरू होतात. या पोराला तसं करायचं नव्हतं, किंवा ऑपरेटरने ताकीद दिली असावी.

मीटर लावला. मायनस एकोणीस. एका वॅटच्या लाखाव्या भागाहून किंचित जास्त, एवढाच प्रकाश माझ्या भिंतीपर्यंत पोचत होता आणि तो भरपूर होता. मायनस सत्तावीसच्या पलीकडे डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागतो. काकांना उरलेली केबल दाराच्या चौकटीमागे घडी घालून दडपायची होती, नीटनेटकी. पोराने काही न बोलता लाल लेझरचा पेन जोडला आणि केबलच्या टोकाचा उघडा तंतू बोटात करकचून वाकवला. वळणावर लाल उजेड बाहेर झिरपताना दिसला. काकांनी मोठं वेटोळं मान्य केलं.

तिथून माझ्या टेबलापर्यंत मी लॅनची वायर ओढली आहे. वायफाय मोबाइलसाठी, एवढी काच जुळवून शेवटचे पाच मीटर हवेवर सोडायची इच्छा नाही. राउटरखाली बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बसवला. रात्री पावणेदहाला एकवीस, साडेदहाला एकवीस, काकांचे फोटो चढत असताना तेवीस. पुण्याच्या चौघांना आवाजात काही फरक जाणवला नाही, फक्त एकाने विचारलं की मागे कुलर चालू आहे का.

तळमजल्यावरचा मुलगा आता त्या ऑपरेटरचा नंबर मागतोय. त्याच्या वडिलांनी वर्षाचे पैसे आधीच दुसरीकडे भरलेत, ते संपायला नोव्हेंबर उजाडेल. आमच्या खांबावरच्या डब्यात आठपैकी एकच पोर्ट शिल्लक आहे, आणि समोरच्या बंगल्यात नवे भाडेकरू आलेत.