शेलूबाजारचा बिनव्याजी सावकार

समृद्धी महामार्गावरून मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजारला उतरणाऱ्या प्रवाशाला, आश्विन महिना असेल तर, गावाच्या नावातील 'बाजार' या उत्तरपदाची सार्थकता कोणी विशद करून सांगावी लागत नाही. मळणी होताच निघालेले सोयाबीनचे कट्टे, दाणा दाताखाली चावून ओलावा अजमावणारा व्यापारी आणि भाव ऐकून नुसती टोपी सारखी करणारा खातेदार, यांतच ती दिसते.

दोन हेक्टरांपेक्षा, म्हणजे सुमारे पाच एकरांपेक्षा, कमी जमीन कसणाऱ्या अशा अल्प व अत्यल्प भूधारकांची वहिती खाती 2015-16च्या कृषिगणनेत देशभरात शेकडा 86 भरली. जमीन मात्र त्यांच्याकडे शेकडा 47च होती. 1947चा तुकडेबंदी कायदा दप्तरी असतानाही वारसागणिक वाटण्या होत गेल्या आणि महाराष्ट्रातील सरासरी धारणा 1970-71मधील 4.28 हेक्टरांवरून 1.34 हेक्टरांवर आली.

ही शेती म्हणजे राष्ट्राच्या गळ्यातील लोढणे, असे मानणाऱ्यांनी अमर्त्य सेन यांचे 1962चे विवेचन पाहावे. लहान शेतात एकरी उत्पन्न पुष्कळदा अधिक निघते, कारण घरची माणसे आपले श्रम मजुरीच्या दराने मोजीत नाहीत. राष्ट्राचा लाभ आणि कुटुंबाची हानी ही दोन्ही या न मोजलेल्या श्रमांतच आहेत.

परंतु खरी हानी होते ती विक्रीच्या घाईत. सोसायटीचे कर्ज, कृषिकेंद्राची उधारी, तोंडावर आलेली दिवाळी आणि हरभऱ्याची पेरणी, यांपुढे माल राखून ठेवण्याची ऐपत कोणात असणार? सारेच एकदम विकतात, भाव पडतो, आणि पुढची तेजी आली तर ती वखारवाल्याच्या पदरात पडते. 2024 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, बाजार त्याच्या खाली होता, आणि सरकारी केंद्रांची 12 टक्के ओलाव्याची अट नोव्हेंबरात 15 टक्क्यांवर आली, तोवर अनेकांचा माल हातचा गेलेला होता. निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाला तेल आणि ढेप पुरविणारा हा शेतकरी आपल्या निकडीपायी बाजाराला एक प्रकारे बिनव्याजी कर्जच देतो; त्याला अनुदानाचा याचक म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91पासून आहे. ती राबविणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवल्यास किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. कट्टे गाडीत चढविण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी.