दावा करावा की न करावा : घरविम्याच्या कागदातील क्रियापदांविषयी

घरात काही मोडले, भिजले अथवा जळले म्हणजे विमा उतरविलेल्या गृहस्थापुढे एक प्रश्न उभा राहतो : या नुकसानीसाठी विमा कंपनीकडे दावा करावा, की पदरमोड करून प्रकरण मिटवावे? हा प्रश्न सामान्यतः हिशेबाचा मानला जातो. नुकसान किती, हाती येणार किती, त्यासाठी खेटे किती घालावे लागणार, एवढा विचार केला की निर्णय होतो अशी समजूत आहे. वस्तुतः हिशेबाला आरंभ होण्यापूर्वीच पुष्कळशा प्रकरणांचा निकाल एका क्रियापदावर लागून गेलेला असतो. प्रस्तुत टिपणात त्या क्रियापदाचा विचार करावयाचा आहे. निमित्त घरचेच आहे. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी येथे लेखकाचे घर असून तेथे घडलेल्या एका लहानशा प्रसंगातून हा विचार सुचला.

प्रथम व्याकरण पाहू. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, पडणे–पाडणे, जळणे–जाळणे अशा अकर्मक–सकर्मक जोड्या मराठीत विपुल आहेत. 'पोराने आरसा फोडला' या वाक्यात कर्ता आहे आणि त्याच्यावर ठपकाही आहे. 'आरसा फुटला' यात कर्ता नाही. जणू आरशाने ते आपणहून केले. या दोहोंच्या मध्ये मराठीने एक तिसरी सोय करून ठेवली आहे : 'पोराकडून आरसा फुटला.' येथे क्रियापद अकर्मकच आहे, तरी पोराचा हात त्यात होता हे नाकारलेले नाही. हात होता, मन नव्हते, एवढे सारे '-कडून' हा एक प्रत्यय सांगून जातो. अपघात ही कल्पना व्यक्त करण्यासाठी आपल्या भाषेला नामाची गरज पडत नाही. ती तिच्या वाक्यरचनेतच आहे. म्हणूनच मराठी माणूस विम्याच्या कागदाकडे वळतो तेव्हा त्याची स्वाभाविक अपेक्षा अशी असते की, जे जे 'कडून' झाले ते ते भरून मिळावे.

ही अपेक्षा बहुधा फसते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' या नावाचा एक प्रमाणभूत मसुदा सर्व साधारण विमा कंपन्यांना लागू केला. त्याची रचना यादीची आहे. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ व पूर, दरड कोसळणे व जमीन खचणे, बाहेरील वस्तूची धडक, दंगल, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे किंवा भरून वाहणे, अशा काही आपत्ती तेथे नावानिशी दिल्या आहेत. नुकसान यांपैकी एखाद्या आपत्तीने झाले असेल तरच दाव्याचा विचार होतो. कर्त्याच्या मनाविषयी तो कागद एवढेच विचारतो की, हे कोणी जाणूनबुजून केले नाही ना? मुद्दाम केलेले नसणे ही दाव्यासाठी आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. हातून निसटून दूरचित्रवाणी संच फुटला, गालिच्यावर तेल सांडले, ही 'कडून'ची उदाहरणे निखालस अपघाताची असूनही त्या यादीत बसत नाहीत. इंग्लंडसारख्या देशांत असल्या घरगुती अपघातांसाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घेण्याची प्रथा चांगलीच रुळलेली आहे. आपल्याकडे 'सर्व जोखीम' या स्वरूपाचे संरक्षण वेगळे मागून घेतले नसेल तर असल्या प्रसंगी दावा करण्यात अर्थ नाही. उलटपक्षी, गच्चीवरची टाकी रात्रभर भरून वाहिली व छत गळून गाद्या भिजल्या, हा प्रकार पुष्कळांना आपलाच वेंधळेपणा वाटतो आणि ते लाजेने गप्प बसतात. यादीत मात्र तो स्पष्टपणे आहे.

'अपघात' या शब्दाचा अर्थ किती निसरडा आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ मधील एका निर्णयावरून दिसते. गृहकर्जाशी जोडलेल्या एका विम्यात अपघाती मृत्यूचे संरक्षण होते. विमा उतरविलेला गृहस्थ नोकरीनिमित्त मोझांबिकमध्ये असताना हिवतापाने वारला. डास चावणे हा अपघात नव्हे काय, असा कुटुंबाचा प्रश्न होता. चावा अनपेक्षित व अनिच्छित असतो हे खरे. तथापि ज्या देशात हिवताप इतका सर्रास आहे तेथे तो होणे अनपेक्षित म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. अर्थनिश्चितीसाठी येथे कोशापेक्षा परिसराची संभाव्यता निर्णायक ठरली, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी.

गोव्यातील झुआरी कंपनीच्या प्रकरणात २००९ साली याच न्यायालयाने कार्यकारणाची साखळी तपासली. विजेच्या मुख्य फलकात क्षणिक ज्वाला उठली, पुरवठा तुटला, आणि पुढे घडलेल्या घटनांच्या ओघात बॉयलरचे नुकसान झाले. क्षणभराच्या ज्वालेला 'आग' म्हणावे काय, असा विमा कंपनीचा आक्षेप होता. आग किती वेळ टिकली याला महत्त्व नाही, आणि मधल्या घटना अखंडपणे त्या आगीतूनच निघाल्या असल्याने मूळ कारण आग हेच, असा निर्णय झाला. याच्या उलट २००४ च्या एका निकालात, घरफोडीच्या विम्यात बळाने प्रवेश केल्याची अट लिहिलेली असल्यामुळे निव्वळ चोरीला भरपाई नाकारली गेली. कागदात जो शब्द आहे तोच धरावा, कनवाळूपणाने तो ताणू नये, असा त्याचा आशय आहे.

आपल्या भागाला जवळचे उदाहरण विजेचे आहे. दाब वरखाली होऊन पंखा, पंप, शीतपेटी जळणे हे खेड्यात नित्याचे. आपण 'मोटर जळाली' म्हणतो. पण या जळण्याला कागद आग मानीत नाही. विजेच्या उपकरणात शॉर्टसर्किट, अतिदाब वा स्वतःच्या उष्णतेने होणारे नुकसान त्या उपकरणापुरते वगळलेले आहे. त्याच ठिणगीने पडदा पेटला, कपाट गेले, तर त्या पडद्याचा व कपाटाचा दावा मात्र करता येतो. एकाच 'जळणे' या धातूचे असे दोन तुकडे होतात आणि अर्ज भरणाऱ्याने ते आधीच वेगळे करावे लागतात.

'दावा' या शब्दाविषयीही दोन ओळी लिहिणे अवश्य आहे. तो अरबीतून फारसी-उर्दूच्या मार्गाने आपल्याकडे आला, आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या भागात तो कचेरीच्या वाटेने घरोघर पोहोचला. मराठीत त्याला वैराचाही अर्थ चिकटला आहे. 'दावा साधणे' म्हणजे सूड घेणे. माकणीकडचा वृद्ध माणूस 'कशाला दावा करायचा?' असे म्हणतो तेव्हा तो रकमेविषयी बोलत असतो की भांडणाविषयी, हे चटकन कळत नाही. त्यातच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाची आठवण या गावांत अजून ताजी आहे. शेजारच्या सास्तूरसह अनेक गावे त्या पहाटे जमीनदोस्त झाली. पुढे जे मिळाले ते शासनाकडून व संस्थांकडून मिळालेले साहाय्य होते. घराचे नुकसान कोणत्या श्रेणीचे हे पाहून ते ठरे. 'घर पडलं' एवढे वाक्य तेथे पुरत असे. कशाने पडले, हे कोणाला विचारावे लागत नव्हते. मदत घेण्याची ही सवय दाव्याच्या कामी उपयोगी पडत नाही. मदतीला गरज दाखवावी लागते, दाव्याला कारण.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो. घरावर बँकेचे कर्ज असल्यामुळे विमा उतरविलेला होता आणि विमापत्र वरील मसुद्याचेच होते. गच्चीवरील टाकीतून न्हाणीकडे जाणारा नळ मधल्या खोलीच्या भिंतीतून गेला आहे. त्याच्या सांध्याशी भिंतीला बरेच दिवस ओल होती. एका रात्री तो सांधा सुटून पाणी खोलीत भरले. दोन गाद्या, लाकडी कपाट आणि कपाटातील कपडे भिजले. भिंतीचा गिलावा सुटला. घरी आई एकटीच होती.

कंपनीतर्फे पाहणीस आलेले सर्व्हेअर सज्जन होते. त्यांनी आईस विचारले, "आजी, हे कधीपासून गळत होतं?" आई म्हणाली, "आधी पाझरायलंच व्हतं, त्या रातीला मातर फुटलं." त्यावर त्यांनी विचारले, "पाझरायला लागलं ते कोणत्या तारखेला?" आईला या प्रश्नाचा रोख कळेना, कारण तिने तसे काही म्हटलेच नव्हते.

येथे झालेला घोटाळा बोलीच्या अभ्यासकाला चटकन ओळखू यावा. धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात चालू क्रिया 'पाऊस पडायलाय', 'ती जेवायलीय' अशा रूपांनी सांगतात. प्रमाण मराठीतील 'पडत आहे', 'जेवत आहे' यांचे ते समानार्थी आहेत. या बोलीशी परिचय नसलेल्या कानाला मात्र 'पाझरायलं' हे 'पाझरायला लागलं' याचे तुटलेले रूप वाटते. आईने अपूर्णकाळ सांगितला. ऐकणाऱ्याने आरंभ ऐकला. एरवी हा फरक शब्दांच्या हौशी लोकांपुरता राहिला असता. विम्यात त्याचे वजन फार मोठे आहे. यादीतला शब्द 'फुटणे' हा आहे, म्हणजे क्षणात पूर्ण होणारी क्रिया. 'पाझरणे' ही सावकाश चालणारी क्रिया असून ती झिजेच्या, देखभालीच्या खात्यात जाते आणि तिची भरपाई होत नाही. शिवाय नुकसान पहिल्यांदा लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दाव्याचा अर्ज द्यावा लागतो. 'लागलं' असे एकदा लिहिले गेले की ते दिवस कोठून मोजावयाचे, हा प्रश्न लगेच उपस्थित होतो.

हितचिंतकांचा सल्ला असा होता की, पाझराचा उल्लेखच गाळावा. 'नळ फुटला' एवढेच लिहावे. लेखकास तो पटला नाही. विम्याचा करार परस्पर सचोटीवर उभा असतो आणि खोट्या निवेदनाने तो सगळाच ढासळू शकतो, हे कारण आहेच. परंतु त्याहून साधे कारण हे की, आईचे वाक्य अचूक होते. तिने एकाच श्वासात दोन क्रिया, दोन काळ आणि मधला 'मातर' सांगितला होता. म्हणून अर्जात तेच दोन भाग केले. भिंतीची ओल व गिलावा पूर्वीच्या पाझराचे फळ, त्याबद्दल मागणी नाही. गाद्या, कपाट व कपडे त्या रात्रीच्या फुटण्याचे फळ, त्यांची मागणी आहे. बोलीतील रूपाचा अर्थ एका ओळीत खाली लिहून दिला. घराच्या विम्याबरोबर आतील सामानालाही विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, आपोआप संरक्षण असते. तेव्हा सामानाचा विमा वेगळा उतरविलेला नाही ही अडचण नव्हती.

वाहनविम्याच्या सवयीने काही जण किरकोळ दावा टाळतात. तेथे दाव्याविना एक वर्ष गेल्यास २० टक्के व पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, त्यामुळे ती सावधगिरी रास्त आहे. घरविम्याला तोच हिशेब डोळे मिटून लावू नये. आपल्या विमापत्रात तशी सवलत किंवा स्वतः सोसावयाची काही रक्कम लिहिली आहे काय, हे पाहून ठरवावे. आमच्या कागदात दोन्ही नव्हते. दावा मान्य झाला. आलेल्या रकमेत नवे कपाट झाले. गिलावा घरखर्चातून करून घेतला.

त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात लेखकाच्या क्षेत्रकार्याच्या अकरा वह्या होत्या. त्यांत गावातील वृद्धांचे बोलणे शब्दशः उतरून घेतलेले होते आणि त्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत. हस्तलिखिते व कोणत्याही प्रकारचे दस्तऐवज विम्यातून वगळलेले असतात. विद्यार्थ्यांनी हे कलम आवर्जून वाचावे आणि वह्यांच्या प्रती दुसऱ्या घरी ठेवाव्यात. अर्जात वह्यांचा उल्लेख केला नाही. आठ वह्या उन्हात वाळवून वाचता येण्याजोग्या झाल्या. शाईच्या पेनाने लिहिलेल्या तिहींतील अक्षर पसरून गेले आहे. त्यांतील काही वाक्ये आई अजून आठवून सांगते, ती नव्याने उतरून घेण्याचे काम चालू आहे.